अर्जातलं कारण



मागच्या जून महिन्यात शेजारच्या घरातली एक मुलगी माझ्याकडे आली. पुण्याच्या एका कॉलेजात तिचं पहिलं वर्ष झालं होतं आणि तिला आता सोलापूरच्या कॉलेजात यायचं होतं. म्हणाली, "काका, तुम्ही कविता लिहिता, तर एवढा अर्ज लिहून द्या." कवीचा समाजाला काही उपयोग असतो असं मला कुणी बऱ्याच वर्षांनी सांगत होतं. मी कागद-पेन घेऊन बसलो. विचारलं, "कारण काय लिहू?" ती खाली बघत म्हणाली, "वैद्यकीय लिहा. सगळे तेच लिहितात." मी पेन खाली ठेवलं. तिची तब्येत ठणठणीत होती. पण माझं पेन थांबलं ते तिच्यामुळे नव्हे. चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वी अशाच एका अर्जात मीही एक खोटं कारण लिहिलं होतं, ते मला आठवलं.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गावात एक कॉलेज. अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. लग्नसराईत आणि दिवाळीत दोन मशिनी रात्रभर चालायच्या. पुढे बाजारात तयार कपडे आले आणि एक मशीन झाकून ठेवलं गेलं. ई.बी.सी.ची सवलत होती म्हणून फी भागत होती. मी बी.ए. भाग एकला असताना, 1990 साली, सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. एस.टी.नं गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. माझ्यासारख्या नावांची माणसं व्यासपीठावरून मराठीत बोलत होती, भांडत होती, कविता वाचत होती. मी तोपर्यंत वहीच्या मागच्या पानावर कविता लिहायचो. परतीच्या गाडीत ठरवलं की मराठी हाच विषय घ्यायचा आणि तो सोलापुरात घ्यायचा. तिथं ग्रंथालयं होती, कवी होते, आणि माझे मामू एका छापखान्यात कामाला होते. संध्याकाळी प्रुफं तपासायला मुलगा हवा असल्याचं त्यांनी कळवलं होतं. म्हणजे खायची सोयही होती.

भाग दोनचा निकाल लागला आणि मी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. कॉलेज बदलण्याची त्या काळातली रीत सांगतो, कारण आजच्या मुलांना ती गोष्टीसारखी वाटेल. सोलापूर जिल्हा तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ झालं ते 2004 साली. त्यामुळे माझं विद्यापीठ बदलणार नव्हतं. मला जुन्या कॉलेजचं ना हरकत पत्र आणि दाखला पुरणार होता. आमच्या तालुक्याला लागून असलेला जिल्हा मात्र मराठवाड्यात. तिथलं कॉलेज एस.टी.नं तासाभरावर, पण ते दुसरं विद्यापीठ. तिकडं जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता प्रमाणपत्र, अभ्यासक्रम जुळतो की नाही याची तपासणी, असा सगळा फेरा. कोल्हापूर एवढं लांब, तरी कागदावर ते घरातलं. आणि तासाभरावरचं गाव परकं. कागदाचा भूगोल वेगळा असतो, हे मला तेव्हा कळलं.

ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी नमुना सांगितला. फुलस्केप कागद, डाव्या बाजूला समास, 'मा. प्राचार्य यांसी', विषय, महोदय, आणि खाली 'आपला आज्ञाधारक'. कारणाशी आलो तसे ते म्हणाले, "वडिलांची बदली, असं लिही. प्रश्न येत नाहीत." मी लिहिलं. शिंप्याची बदली कोण करतं, हा प्रश्न मला पडला नाही आणि त्यांनाही पडला नाही.

अर्जावर विभागाची शिफारस लागायची, म्हणून मी तो घेऊन मराठीच्या सरांकडे गेलो. सरांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांनी मला मागच्याच आठवड्यात पॅन्ट शिवून दिली. त्यांची बदली कुठं झाली?" मला घाम फुटला. सर रागावले नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून पुढं सरकवला. म्हणाले, "खरं कारण लिही. मराठी घेणार आहेस ना? मग मराठीत तेवढं तरी लिहिता आलं पाहिजे."

मी अर्धा तास त्यांच्यासमोर बसून लिहीत होतो. घरात एकच मशीन चालतं. छापखान्यात काम मिळणार आहे. मला कविता लिहायची आहे आणि ज्यांच्याशी त्याबद्दल बोलता येईल अशी माणसं सोलापुरात आहेत. एवढंच लिहिलं. लिहून झाल्यावर हलकं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. गरिबी कागदावर आली की ती जास्त गरीब दिसते. माझ्या गद्यलेखनाची सुरुवात कुठून झाली, असं कुणी विचारलं तर मी त्या अर्जाचं नाव सांगतो. लोकांना तो विनोद वाटतो.

सरांनी वाचलं, काही न बोलता 'शिफारस करण्यात येते' असं लिहिलं आणि सही केली.

ग्रंथालयाचा 'देणं नाही' असा शिक्का मारून घेतला. चार दिवसांनी दाखला तयार झाला. एक गोष्ट मुलांनी ध्यानात ठेवावी : दाखला हातात पडला की जुन्या कॉलेजच्या पटावरून आपलं नाव कमी होतं. म्हणून आधी नव्या कॉलेजचा होकार घ्यावा, मगच जुना दाखला काढावा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबांनी दाखल्यावर सही घेतली, वहीत नोंद केली आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "तू दहावा होतास."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. आमच्या कॉलेजात विशेष मराठीचा वर्ग दहा विद्यार्थी असतील तरच चालवायचा असं ठरलं होतं. यादीत बरोबर दहा नावं होती. माझं नाव कमी झालं की नऊ. वर्ग बंद होणार, आणि सरांना आवश्यक मराठीच्या तासांवर भागवावं लागणार. सरांना हे ठाऊक होतं. मला कोरा कागद देताना ठाऊक होतं आणि सही करतानाही.

मी दाखला हातात धरून व्हरांड्यात उभा राहिलो. दोन वाजले होते. सोलापूरची गाडी चारला होती. त्या दोन तासांत मी कुठल्याच कॉलेजचा विद्यार्थी नव्हतो. परत आत जाऊन "राहू द्या" म्हणता आलं असतं. सरांकडे जाता आलं असतं. श्रोतेहो, मी गेलो नाही. चारच्या गाडीत बसलो. माझी बाजू मांडायला माझ्याकडे बरंच काही आहे : घरातली परिस्थिती, वय, मामूंचा निरोप. ते सगळं खरं आहे. आणि गाडीत बसलो हेही खरं आहे.

सोलापूरच्या नव्या कॉलेजात दुसराच प्रसंग घडला. खिडकीतल्या कारकुनांनी माझा दाखला वाचला. दाखल्यावर मातृभाषेचा रकाना असतो. माझ्या दाखल्यावर तिथं 'उर्दू' होतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अब्बांना न विचारताच ते लिहिलं असणार. मुसलमानाचं पोर म्हणजे उर्दू, असा त्यांचा साधा हिशोब. आमच्या घरात उर्दू वाचता येणारं कुणी नव्हतं. घरात बोलायची ती दखनी, 'हौ' आणि 'नक्को'ची. गिऱ्हाइकाशी मराठी. आणि अम्मा जात्यावर ओव्या म्हणायची त्याही मराठीच, शेजारणींबरोबर शिकलेल्या. कारकून म्हणाले, "मातृभाषा उर्दू आणि विशेष मराठी? जमेल का?" त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. काळजीच होती. मी म्हणालो, "जमवतो." ते म्हणाले, "मग आमची काही हरकत नाही. अर्ज मंजूर. दाखला दप्तरी लावतो. इथं सही कर."

त्या वाक्यांतली गंमत मला पुढं कळली. माधव जूलियन यांनी 1925 साली सिद्ध केलेला 'फार्शी-मराठी कोश' त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात हाती लागला. चाळता चाळता लक्षात आलं की हरकत, अर्ज, मंजूर, दाखला, दप्तर, सही, आणि खुद्द कारकून, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. हे शब्दही कधी काळी दुसऱ्या घरातून मराठीत दाखल झाले. त्यांची मातृभाषा आता कुणी विचारत नाही. ते मराठी झालेत ते रोजच्या वापरानं. मला तेव्हा फार धीर आला. वर्षभर त्या कोशाशी माझी दोस्ती होती. पुढं श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' वाचला आणि 'जमेल का' या प्रश्नाचं उत्तर काही शतकांपूर्वीच देऊन झालंय हे पाहून हसू आलं.

मी बी.ए. झालो. मराठी विशेष घेऊन. पुढं शिकता आलं नाही. छापखान्यातलं संध्याकाळचं काम दिवसाचं झालं. कविता मात्र सुटली नाही.

आता व्हरांड्यातल्या त्या दोन तासांकडे परत येतो, कारण ते माझ्याकडे परत येत राहिले. बऱ्याच वर्षांनी आमच्या तालुक्याच्या गावी कवितावाचनाला गेलो होतो. कार्यक्रमानंतर एक बाई भेटायला आल्या. मी ओळखलं नाही. त्या हसून म्हणाल्या, "अरे, मी भाग दोनला तुझ्या मागच्या बाकावर होते." त्या नऊ जणांतली ती एक. निबंधात वर्गात पहिली यायची. विशेष मराठीचा वर्ग रद्द झाला तेव्हा दोन मुलगे दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेले. तिला घरून गावाबाहेर पाठवणं शक्यच नव्हतं. तिनं इतिहास घेतला, पुढं डी.एड. केलं आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. चांगली शिक्षिका झाली असणार, कारण सोबत आलेल्या तिच्या विद्यार्थिनी तिला सोडत नव्हत्या.

मी माफी मागायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही. ती म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही रे. तुला जायचंच होतं. पण जाताना एक अर्ज आमच्यासाठीही करायचा होता. नऊ जणांत वर्ग चालवा, एवढं आपण कुणी लिहिलंच नाही. तुझा हात लिहिता होता."

हे मला कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला दोनच गोष्टी विचारत होतो : जायला हवं होतं की राहायला हवं होतं. तिसरी गोष्ट तिनं सांगितली. कदाचित तो अर्ज नामंजूर झाला असता. दहाचे नऊ झाले तर कोण ऐकतो? पण दहा सह्यांचा कागद दप्तरात राहिला असता. सरांना तो दिसला असता. सर त्याआधीच वारले होते, म्हणून त्यांच्याशी हे बोलायचं राहूनच गेलं.

त्या शेजारच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "खरं कारण काय ते सांग." थोड्या वेळानं तिनं सांगितलं. पुण्यात खोलीचं भाडं आणि जेवणाचा खर्च झेपत नाही. वडिलांनी दोनदा कर्ज काढलं. 'परवडत नाही' हे शब्द तिला कागदावर नको होते. गरिबी कागदावर आली की कशी दिसते, ते मला ठाऊक होतं.

आता काळ बदललाय. 2021 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम केले. शिकलेल्या विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात आणि कॉलेज बदललं तरी ते सोबत नेता यावेत, असा त्यामागचा विचार आहे. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असंही आयोगानं 2018 साली कॉलेजांना बजावलं. या सोयी चांगल्याच आहेत. पण पुण्याहून सोलापूर म्हणजे आता दोन वेगळी विद्यापीठं. विषय जुळतात का हे बघावंच लागतं, ना हरकत पत्र लागतंच, आणि 'कारण' विचारलं जातंच. श्रेयांक खात्यावर जमा होतात; कारण मात्र आपलं आपल्यालाच लिहावं लागतं.

आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. म्हणजे तिनं लिहिला, मी शुद्धलेखन बघितलं. 'वैद्यकीय' हा शब्द आला नाही. मग मी तिला म्हणालो, "अजून एक कागद घे. तुझ्यासारख्या आणखी किती जणी आहेत तिथं?" ती म्हणाली, "आमच्याच वर्गात चार-पाच." मी म्हणालो, "मग दुसरा अर्ज त्यांच्यासह करा. राहण्याचा. वसतिगृहात जागा मिळावी, जेवणाचे पैसे हप्त्यानं घ्यावेत, जे मागायचं ते मागा. तो नामंजूर झाला, तर हा पहिला आहेच."

तिनं माझ्याकडे जरा संशयानं बघितलं. मग कागद ओढून घेतला आणि वर डावीकडे 'मा. प्राचार्य यांसी' असं लिहिलं. अक्षर छान आहे पोरीचं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)