पडद्यावरचे धूसर चित्र



जुन्या स्लाइड-प्रोजेक्टरचे चित्र धूसर का पडते, हा विषय या व्यासपीठाला थोडा लहान वाटेल. पण ज्यांच्या कपाटात वडिलांनी काढलेल्या रंगीत स्लाइडांचे डबे आहेत, त्यांना तो लहान वाटणार नाही. छापील फोटो खराब झाला तर निगेटिव्हवरून दुसरा काढता येतो. स्लाइडचे तसे नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच धुऊन चौकटीत बसवलेली असते. ती एकच प्रत, आणि तीच मूळ प्रत. कोडाक्रोम फिल्मचे रंग अंधारात अनेक दशके टिकतात, पण दिव्याच्या झोतात इतर फिल्मांपेक्षा लवकर विटतात. म्हणून मौल्यवान स्लाइड दिव्यासमोर ठेवून अर्धा तास गुंडी पिळीत बसणे म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली चित्राची होळी करणे होय.

आमचे सांगणे एवढेच, की गुंडीला हात लावण्यापूर्वी धूसरपणाची तऱ्हा पाहावी. वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे हे आहे. धूसरपणा कुठे आहे आणि केव्हा आला, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत बहुधा दोष कळतो.

उदाहरणासाठी कोडॅक कंपनीचे कॅरोसेल हे यंत्र घेऊ. ते १९६१ साली अमेरिकेत बाजारात आले. वर गोल ताटली, तिच्यात सामान्यतः ८० स्लाइडा, आणि एकेक स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली उतरून दिव्यापुढे उभी राहते. कोडॅकने स्लाइड-प्रोजेक्टरांचे उत्पादन २००४ साली बंद केले. त्यामुळे आज हाती येणारे प्रत्येक कॅरोसेल वयस्कर आहे, आणि वयस्कर माणसाप्रमाणेच त्याच्याशी धसमुसळेपणा चालत नाही.

आता तऱ्हा पाहू. पहिली तऱ्हा अशी, की संपूर्ण चित्र सारखेच धूसर आहे आणि गुंडी फिरवूनही फरक पडत नाही. अशा वेळी भिंगाची नळी हलते का, ते पाहावे. नळीवर दात्यांची पट्टी असते आणि ती गुंडीच्या चक्रात अडकते. नळी नीट बसली नसेल किंवा दाते झिजले असतील, तर गुंडी फिरते आणि भिंग जागच्या जागी राहते. नळी हलत असूनही चित्रावर दुधाळ पडदा राहत असेल, तर भिंगावर धूळ किंवा बुरशी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात बंद पेटीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

दुसरी तऱ्हा अशी, की चित्र आरंभी स्वच्छ असते आणि काही क्षणांत एकाएकी विरघळते. येथे यंत्र निर्दोष आहे. दिवा तीनशे ते पाचशे वॅटचा असतो. त्याच्या उष्णतेने फिल्मवरच्या जिलेटिनमधला ओलावा निघून जातो आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतली फिल्म पापडासारखी फुगते. फुगवटा किती? अर्धा मिलिमीटर धरा. पण १०० मिलिमीटरचे भिंग आणि ४ मीटरवरचा पडदा असेल, तर फिल्म भिंगाकडे अर्धा मिलिमीटर सरकताच स्वच्छ चित्र पडद्यामागे जवळजवळ एक मीटर जाऊन पडते! कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जे खेळ केले, त्यांत चित्रे काचेवर रंगवलेली होती. काच अशी फुगत नाही. ही अडचण लवचीक फिल्मबरोबर आली. उपाय सोपा आहे: फिल्म एकदा फुगून स्थिरावू द्यावी आणि मगच फोकस करावा. पंखा जोराने फिरतो की नाही, आणि दिव्यापुढची उष्णता शोषणारी काच जागेवर व अभंग आहे की नाही, हे मात्र पाहावे. ती काच तडकलेली असेल तर स्लाइड लावूच नये.

तिसरी तऱ्हा अशी, की मध्य स्वच्छ आणि कोपरे धूसर. हा त्याच फुगवट्याचा दुसरा चेहरा. म्हणून कोडॅकने दोन प्रकारची भिंगे दिली. एक प्रकार पुठ्ठ्यातल्या फुगणाऱ्या फिल्मशी जुळणारा, दुसरा दोन काचांत सपाट दाबलेल्या फिल्मसाठी. यांची अदलाबदल झाली, तर कितीही गुंडी फिरवली तरी मध्य आणि कोपरे यांचा समेट होत नाही.

चौथी तऱ्हा अशी, की एक बाजू स्वच्छ आणि दुसरी धूसर. चित्राची चौकट एका बाजूस रुंद दिसत असेल, तर प्रोजेक्टर पडद्यासमोर तिरका ठेवला आहे. चौकट सरळ असेल, तर स्लाइड काढून उलटी करून, म्हणजे डोके खाली करून, पुन्हा लावावी. धूसरपणा चित्राबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष स्लाइडमध्ये आहे. तो पडद्यावर त्याच जागी राहिला, तर दोष यंत्रात आहे. या साध्या परीक्षेने पुष्कळसा वाद मिटतो.

काही कॅरोसेलांत आपोआप फोकस करणारी योजना आहे. ती स्लाइडच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशावरून अंतर ओळखते. काचेची चौकट आली, की प्रकाश फिल्मऐवजी काचेवरूनच परततो आणि बिचारे यंत्र फसते. काच आणि पुठ्ठा एकाच ताटलीत मिसळले असतील, तर ही योजना बंद करून हातानेच फोकस करावा.

या साऱ्याच्या आधी दोन गोष्टी कराव्यात. स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून लहान भिंगातून पाहावी. मूळ छायाचित्रच हललेले असेल, तर जगातला कोणताही प्रोजेक्टर ते सुधारणार नाही. आणि यंत्राची परीक्षा नेहमी टाकाऊ स्लाइडवर करावी. घरातल्या माणसांची, गेलेल्या दिवसांची स्लाइड यंत्र ठीक झाल्यावरच लावावी आणि थोडा वेळच लावावी. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ साली थांबले. आपल्या डब्यातला चेहरा एकदा विटला, की तो परत आणणारी दुसरी प्रत कुठेही नाही.

यंत्राचे सुटे भाग शोधून मिळतील. त्या चेहऱ्याचे तसे नाही, एवढे ध्यानात ठेवून आपण गुंडीला हात लावावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.