हात खाली



बोलायला उभी राहिल्यावर आधी मी आवाज न काढता चार शब्द म्हटले. नुसते ओठ हलवले. पुढच्या रांगांतून कुणी ‘भात’ म्हणालं, कुणी ‘बाप’. शब्द होते पाट, पाठ, माठ आणि भात. एकच शब्द चारदा म्हटल्यासारखा वाटला असेल, तर दोष तुमच्या नजरेचा नाही. प, ब, भ, म सगळे मिटल्या ओठांतून निघतात. ट आणि त यांच्यातला फरक दातांच्या आड घडतो. क, ख, ग, घ तर ओठांवर उमटतच नाहीत. कर्णबधिर मूल जेवायला येतं तेव्हा आई ‘पाटावर बस’ म्हणते, ‘भात घे’ म्हणते, ‘माठातलं पाणी आण’ म्हणते. त्याला यातलं किती दिसतं, ते तुम्ही आत्ताच अनुभवलंत.

हुशार मुलं संदर्भावरून अंदाज बांधतात, हे खरं. पण संदर्भाचा उपयोग व्हायला भाषा आधी यावी लागते. ज्याच्याकडे मराठी आहे, त्याला ओष्ठवाचनाचा आधार होतो. ज्याच्याकडे कुठलीच भाषा नाही, त्याने ओठांकडे बघून मराठी शिकावी अशी अपेक्षा आम्ही कितीतरी वर्षं धरली. ‘आम्ही’ म्हणते आहे, कारण त्यांत मीही होते.

मी कर्णबधिरांच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा वर्गात एक वाक्य दिवसातून कितीदा तरी उच्चारलं जाई: “हात खाली!” मुलांनी खुणा केल्या की त्यांना बोलण्याचा आळस चढेल, अशी आमची पक्की समजूत होती. म्हणून आरशासमोर बसायचं. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. ‘प’ म्हटला की ती हलायला हवी, ‘ब’ला तेवढी हलता कामा नये. ‘म’साठी मुलाचं बोट आपल्या नाकावर ठेवायचं, म्हणजे कंप कळतो. एकेका अक्षरासाठी आठवडेच्या आठवडे जात. हे काम मी आजही कमी लेखत नाही. वाचा शिकवणाऱ्या शिक्षकांइतके चिवट लोक मी फार थोडे पाहिले आहेत.

पण एका दिवाळीनंतरची गोष्ट सांगते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा सुट्टीहून परतला होता. वर्गात माझ्यापुढे उभा राहून त्याने खूप कष्टाने दोन शब्द काढले: “आजी गेली.” ‘जी’ इतकी स्वच्छ आली होती की मी त्याची पाठ थोपटली आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे चांदणी काढली. मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं, तर तोच मुलगा गराड्यात उभा राहून दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होता. पोरं जागची हलत नव्हती. सातवीतल्या एका मुलीला मी जवळ बोलावलं. तिने अर्धं बोलून, अर्धं लिहून मला सांगितलं. पहाटे घर माणसांनी भरलं होतं. आजीला नेलं. कुठे नेलं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. ती परत येईल म्हणून त्याने आपल्या ताटातली करंजी तीन दिवस डब्यात राखून ठेवली होती.

ते सगळं त्याने हातांनी सांगितलं होतं. त्याच हातांना मी रोज खाली करायला लावत होते. त्या मुलाशी मी आजीविषयी काही बोलले नाही. बोलू शकले नाही, कारण त्याची भाषा मला येत नव्हती.

खुणांमुळे मुलं बोलायचा आळस करतात, ही समजूत आमच्या शाळेत उगवलेली नव्हती. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे खुणांच्या आधारे शिकवत होते आणि लाइपझिगमध्ये सामुएल हायनिके वाचेचा आग्रह धरत होते. दोघांचा वाद पत्रांतून रंगला. शंभर वर्षांनी, सप्टेंबर १८८० मध्ये मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी होते आणि त्यांतला बधिर फक्त एक. शुद्ध मौखिक पद्धतच श्रेष्ठ, असा ठराव झाला. पुढे देशोदेशीच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या आणि बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुंबईत आपल्याकडची पहिली बधिर शाळा त्याच दशकात निघाली; युरोपातली ती हवा आपल्याही वर्गांत शिरली. मिलानच्या ठरावांबद्दल याच विषयावरच्या व्हँकुव्हरच्या परिषदेत जाहीर खेद व्यक्त झाला, तो २०१० साली. मधल्या १३० वर्षांत किती पिढ्यांचे हात खाली राहिले, याचा हिशेब मांडवत नाही.

खुणा म्हणजे हातवारे, मूकाभिनय, असं आजही पुष्कळांना वाटतं. १९६० साली विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून दाखवली, तेव्हापासून भाषाशास्त्रात या समजुतीला जागा उरलेली नाही. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथे १९७७ नंतर बधिर मुलं शाळेत प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक स्पॅनिशचं ओष्ठवाचन शिकवत राहिले आणि मुलांनी मैदानात, बसमध्ये आपली नवी भाषा घडवली. धाकटी मुलं आली तशी ती आणखी काटेकोर झाली. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत ‘बाई’ म्हणायला बोट नाकपुडीपाशी, चमकीच्या जागी जातं. ‘पुरुष’ म्हणायला मिशीला पीळ देतात. प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, ‘तुझं नाव काय’ या मराठी प्रश्नात येते तशीच. मराठीतले विभक्तिप्रत्यय मात्र तिथे नाहीत. म्हणून आमची मुलं वहीत ‘आई बाजार गेली’ लिहितात, आणि आम्ही लाल शाईने गोल करून त्यांना मठ्ठ ठरवतो. सांकेतिक भाषेचं व्याकरण ठाऊक असलेला शिक्षक ‘आई बाजार गेली’ आणि ‘आई बाजाराला गेली’ ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून ‘ला’ कुठून आला, ते दाखवू शकतो.

आता कॉक्लियर इम्प्लांटविषयी, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवणयंत्राविषयी, कारण आईबापांचा पहिला प्रश्न तोच असतो. लहान वयात शस्त्रक्रिया झाली आणि नंतर श्रवण-वाचा प्रशिक्षण नेटाने चाललं, तर पुष्कळ मुलं उत्तम बोलतात. ते जरूर करावं. पण प्रशिक्षणाला वर्षं लागतात आणि सगळ्यांना सारखं यश येत नाही. आंघोळीला, झोपताना यंत्र काढलं की मूल पुन्हा शांततेत जातं. त्यात आपल्याकडे निदानच उशिरा होतं. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणत घर वाट बघतं. दिवाळीत शेजारी लवंगी माळ फुटूनही पोर दचकलं नाही, तेव्हा धावपळ सुरू होते. तोवर भाषा रुजण्याची पहिली दोन-तीन वर्षं रिकामी गेलेली असतात. पुढची वर्षं ‘आधी बोलणं येऊ दे’ म्हणत जातात. माझं भांडण वाचेशी नाही, या वाया जाणाऱ्या वर्षांशी आहे. वाचा हळूहळू येऊ द्या, पण तोवर मुलाला ‘का’ विचारता आलं पाहिजे आणि त्याचं उत्तर कळलं पाहिजे. आजी कुठे गेली, हे कळलं पाहिजे.

खुणांमुळे बोलणं मागे पडतं का? १९६०च्या दशकातच अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं, की बधिर आईवडिलांची बधिर मुलं, म्हणजे पाळण्यातून खुणा पाहिलेली मुलं, वाचन-लेखनात ऐकू येणाऱ्या घरांतल्या बधिर मुलांच्या पुढे होती आणि बोलण्यात त्यांच्या मागे नव्हती.

कागदावर आपण बरेच पुढे आलो आहोत. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमायला सांगतो. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं, त्याच्या शब्दकोशात २०२१ मध्ये दहा हजार नोंदी झाल्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही या भाषेचा उल्लेख आहे. वर्गात मात्र अजून माझ्यासारख्या, पन्नाशीत खुणा शिकलेल्या बाई उभ्या आहेत. माझ्या खुणा अडखळतात, मुलं हसून दुरुस्त करतात. तिथे बधिर शिक्षक हवेत. आणि घरात खुणा येणारी आई हवी, बाबा हवेत, आजोबाही हवेत. नाहीतर मूल शाळेत बोलकं आणि घरी परकं होतं.

आज उजवीकडच्या पहिल्या तीन रांगांत आमचे बधिर मित्र बसले आहेत. माझ्या शेजारच्या दुभाषी ताई गेला तासभर माझं मराठी त्यांच्यापर्यंत पोचवत आहेत. प्रश्नोत्तरांत पहिले प्रश्न त्या रांगांतून घेऊ. मी उत्तरं हातांनी देईन, आणि बाकीच्या सभागृहासाठी ताई ती मराठीत सांगतील.