आधी परीक्षकाची परीक्षा घ्या



मघाशी या संमेलनाच्या स्वागताध्यक्षांनी मोठ्या प्रेमानं सांगितलं, युरोपातले रोमा आपलेच, हजारेक वर्षांपूर्वी इथून गेलेले. टाळ्या पडल्या. माझं भांडण त्या टाळ्यांशी आहे.

माहिती खरी आहे. रोमानी भाषा भारतीय आर्य कुळातली, हे जर्मन अभ्यासकांनी १७८०च्या दशकातच मांडलं. १९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली, तिला आपले भाषा अभ्यासक वीर राजेंद्र ऋषी गेले होते. चंदीगडला रोमा महोत्सव झाले, १९८३च्या महोत्सवाला इंदिरा गांधी आल्या. सगळं झालं. पण लांबच्या नातेवाइकाला हार घालायला आपल्याला काही लागत नाही. तो परत जाणार असतो. त्याच्यासारखंच पाल ठोकून राहणारं पारध्याचं बिऱ्हाड गावाबाहेर उतरलं की त्याच संध्याकाळी पोलीस पाटलाला निरोप जातो. म्हणून रोमांचं नाव घ्यायचंच असेल तर अभिमानानं ऊर भरून घेण्यासाठी घेऊ नका. त्यांच्या पोरांचं शाळेत काय झालं, ते ऐका.

मी आज एका बाईंबद्दल बोलणार आहे. मिलेना ह्युब्शमानोवा. जन्म १९३३, प्राग. चार्ल्स विद्यापीठात त्या हिंदी, उर्दू, बंगाली शिकल्या. काळ पन्नासच्या दशकातला, राजवट कम्युनिस्टांची. भारतात जाणं तर सोडाच, हिंदी कानावर पडायची मारामार. ओस्त्रावा हे कोळशाचं आणि पोलादाचं शहर. तिथं विद्यार्थ्यांच्या श्रमशिबिरात असताना त्यांनी रोमा मंडळींचं बोलणं ऐकलं, आणि त्यातलं काही त्यांना कळलं. पाण्याला पानी, माणसाला मनुष. आपल्याकडच्या लेखांमध्ये गोष्ट इथंच संपते. मिलेनाबाईंचं काम इथून पुढं सुरू होतं. त्या रोमांच्या वस्त्यांमध्ये गेल्या, त्यांच्या चुलीपाशी बसून बोलायला शिकल्या आणि उरलेलं सगळं आयुष्य त्या भाषेला दिलं.

तेव्हा चेकोस्लोव्हाकियात रोमानीला भाषा म्हणायची सरकारची तयारी नव्हती. रोमा हा स्वतंत्र समाज नाही, मागासलेला थर आहे, तो विरघळून जाईल, असं धोरण होतं. १९२७च्या कायद्यानं फिरत्या रोमांना बोटांच्या ठशांसकट वेगळी ओळखपत्रं दिली होती. युद्धात नाझींनी चेक प्रदेशातले रोमा जवळजवळ संपवले. लेटीच्या छावणीत तीनशेहून जास्त माणसं मेली, त्यांत मुलंच पुष्कळ. सत्तरच्या दशकात त्याच जागी डुकरांचं फार्म उभं राहिलं आणि ते पाडायला २०२२ उजाडलं. युद्धानंतर १९५८चा कायदा आला, भटकंतीच बंद. गाड्यांची चाकं काढली, घोडे नेले. हे ऐकताना १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि सोलापूरच्या सेटलमेंटची काटेरी तार ज्यांना आठवली नाही, त्यांनी आपल्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं.

अशा राजवटीत मिलेनाबाई रोमानीचं व्याकरण जुळवत होत्या. १९६९ साली, प्राग वसंताची धग अजून पुरती विझली नव्हती तेव्हा, रोमांची स्वतःची संघटना उभी राहिली. तिच्या भाषा समितीत रोमानीचं लेखन ठरवण्याचं काम झालं. १९७३ साली सरकारनं संघटनाच मोडली. बाई थांबल्या नाहीत. प्रागच्या भाषाशाळेत रोमानी शिकवली, घरोघर जाऊन गाणी, कहाण्या, आठवणी टेपवर घेतल्या. राजवट पडल्यावर, १९९१ साली, चार्ल्स विद्यापीठात रोमानीचा अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. त्याच वर्षी दोन सहकारी बाईंबरोबर रोमानी-चेक शब्दकोश काढला. तोही खिशात मावेल एवढा. आमच्या विद्यापीठांमधल्या बोलींच्या प्रबंधांकडे बघा. चारचार किलोंचे, कपाटात कुलपाखाली, आणि ज्या तांड्यावर बसून शब्द गोळा केले त्या तांड्यावर एक प्रत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि मला ती शब्दकोशाहून मोठी वाटते. आमच्याकडं जिच्याकडून भाषा घ्यायची तिला म्हणतात माहितीदार. मिलेनाबाई तिला म्हणायच्या, तू लिही. तेरा फाबियानोवा नावाची बाई प्रागच्या कारखान्यात क्रेन चालवायची. शाळा जेमतेम तीन इयत्ता. ती रोमानीत कविता लिहू लागली, आणि आपण शाळेत कसे गेलो याची हकीकत तिनं लिहिली. ते पुस्तक १९९२ साली रोमानी आणि चेक, दोन्ही भाषांमध्ये छापलं गेलं. एलेना लात्स्कोवांचं अख्खं आयुष्य मिलेनाबाईंनी त्यांच्याच तोंडून रोमानीत टिपून घेतलं आणि चेकमध्ये आणलं. त्या पुस्तकावर नाव लात्स्कोवांचं आहे. इथल्या प्राध्यापकांनी हे वाक्य लिहून घ्यावं.

आता शाळेकडं येतो, कारण खरी लढाई तिथं झाली.

चेक शाळांमध्ये शिक्षक रोमा आईबापांना सांगत, पोरांशी घरी चेक बोला, नाहीतर ती मागं पडतील. आईबापांची चेक बांधकामावर आणि कारखान्यात कानांवर पडलेली. त्यांनी शिक्षकांचं ऐकलं. पोरांच्या हाती ती तुटकी चेक आली, वाक्यं रोमानीच्या वळणाची आणि शब्द चेक. रोमानी हातची गेली आणि शाळेची चेकही आली नाही. मिलेनाबाई वर्षानुवर्षं हेच सांगत होत्या. पोर मंद नाही, तुम्हीच त्याच्या तोंडातली भाषा काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही. पण शाळा काय करत होती? मानसशास्त्रज्ञाकडं पाठवत होती. चाचणी चेकमध्ये. शब्द चेक घरातले, प्रश्न चेक घरातले, चित्रंही त्याच घरातली. सहा वर्षांच्या पोराला गुण कमी पडले की निदान तयार, सौम्य मतिमंदत्व. आईबापांपुढं छापील फॉर्म यायचा, ते सही करायचे. पोर विशेष शाळेत जायचं आणि बहुतेक वेळा तिथून परतीची वाट नसायची. १९७८ साली मानवी हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या चार्टर ७७ या गटाच्या लोकांनी एका दस्तऐवजात हे सगळं मांडलं, तेव्हा त्यांच्यावर पोलिसांची पाळत होती.

राजवट बदलली, पण शाळा बदलली नाही. नव्वदच्या दशकात त्याच ओस्त्रावातल्या अठरा रोमा मुलांनी दावा लावला. त्यातले आकडे कान देऊन ऐका. शहरातल्या विशेष शाळांमध्ये १,३६० मुलं, त्यांत रोमा ७६२. म्हणजे ५६ टक्के. शहरातल्या सगळ्या प्राथमिक विद्यार्थ्यांमध्ये रोमा सव्वादोन टक्के. दर दोन रोमा मुलांमागं एक मतिमंद ठरलेलं. इतर मुलांच्या मानानं ही शक्यता सत्तावीसपट. सत्तावीसपट! असा रोग जगातल्या कुठल्या वैद्यकात आहे, मला सांगा. देशातल्या घटना न्यायालयानं मुलांचं म्हणणं फेटाळलं. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानंही २००६ साली आधी फेटाळलं. शेवटी १३ नोव्हेंबर २००७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं तेरा विरुद्ध चार अशा मतांनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टानं दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चाचण्याच पक्षपाती असण्याचा धोका आहे. आणि ज्याला काय सही करतोय हे समजावलंच नाही, त्या बापाच्या सहीनं पोराचा हक्क बुडत नाही. तोवर त्या अठरांतलं सगळ्यांत धाकटं पोर सोळा वर्षांचं झालं होतं. भरपाई प्रत्येकी चार हजार युरो. बालपण मात्र कुठल्याच कोर्टाच्या हातात नव्हतं. मिलेनाबाई तो निकाल बघू शकल्या नाहीत. सप्टेंबर २००५मध्ये दक्षिण आफ्रिकेत मोटार अपघातात त्या गेल्या.

आता कुणी म्हणेल, अध्यक्षमहाराज, आपल्याकडं अशा विशेष शाळा कुठं आहेत? नाहीत. आपल्याकडं फॉर्मही लागत नाही. मेळघाटातल्या एका शाळेत मी पहिलीच्या वर्गात मागं बसलो होतो. बाईंनी झाडाचं चित्र वर धरलं. समोरची मुलगी उभी राहून ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘सिंग’. कोरकूत झाडाला सिंगच म्हणतात. बाई म्हणाल्या, नीट बघ. तिनं नीट बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ती गप्प राहिली. सुटीत बाईंनी मला तिची नोंद दाखवली, ‘आकलन कमी’. बाई वाईट नव्हत्या. लांबून बदलून आलेल्या, कोरकूचा एक शब्द त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. त्या वर्गात परीक्षा घ्यायचीच होती तर ती बाईंना तिथं धाडणाऱ्या खात्याची घ्यायला हवी होती.

कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि तसा तो असून आपण गप्प बसतो याचाच मला राग आहे. घटनेचं कलम ३५०-अ १९५६पासून सांगतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा. २००९चा शिक्षण हक्क कायदाही मातृभाषा म्हणतो, आणि लगेच ‘शक्य तेथवर’ जोडतो. त्या दोन शब्दांच्या आड अख्खं खातं बसलंय. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. शासनाकडून तिला पाठबळ मिळायला हवं होतं, मिळाली ती मान्यता नसल्याची नोटीस.

आणि आपण साहित्यिक काय करतो? २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. हक्काचे होते, मीही वाटले. पण मराठीच्या अंगणात कोलामी, गोरबोली, कैकाडी, वडारी बोलणाऱ्या पोरांना आपण जे सांगतो, तेच आपल्याला दिल्ली सांगते तेव्हा आपल्याला झोंबतं. जनगणनेत लमाणी-बंजारी हिंदीच्या खात्यात टाकली जाते, त्यावर एकाही मराठी संमेलनात गदारोळ झालेला मला आठवत नाही. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांपैकी ‘उपरा’ला १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार, ‘उचल्या’ला १९८८ साली. आपण या पुस्तकांवर चर्चासत्रं घेतली, प्रबंध लिहिले. कैकाडीतलं पहिलीचं पुस्तक किती वस्तीशाळांमध्ये पोचलं, हे विचारलं की सभागृहात खोकला सुरू होतो. बोलीचं सत्र ठेवायचं ते जेवणानंतर, आणि त्यात ढोल वाजवायला बोलवायचं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवतात. बोलीत शिकून पोट भरेल का, इंग्रजी द्या. हे म्हणणारे नव्वद टक्के लोक आईच्या भाषेत अक्षर ओळख करून मग इंग्रजीकडं गेलेले असतात. मिलेनाबाईंनी चेक शिकवू नका असं कधी म्हटलं नाही. पोर जिथं उभं आहे तिथून त्याला पुढं न्या, एवढीच मागणी होती. आधी कोरकूत वाचेल, मग मराठीत, मग इंग्रजीत, आणि तिन्हींत ताठ मानेनं.

म्हणून या संमेलनाचा ठराव गुळगुळीत असणार नाही. पहिली-दुसरीच्या मुलाची कुठलीही चाचणी त्याच्या घरच्या भाषेत झाली नसेल, तर तिचा निकाल दप्तरी नोंदवू नये. ज्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलांची भाषा मराठी नाही, तिथं त्या भाषेचा माणूस पगारी शिक्षक म्हणून नेमावा, मानधनावरचा मदतनीस म्हणून नव्हे. बोलींवर सरकारी पैशातून झालेलं प्रत्येक संशोधन वर्षाच्या आत त्या वस्तीवर छापील रूपात पोचवावं, आणि ज्यांनी भाषा दिली त्यांची नावं मुखपृष्ठावर असावीत. मोहगावच्या शाळेला मान्यता द्यावी.

हा ठराव मी वाचणार नाही. धारणीहून आलेल्या आपल्या एक शिक्षिका तो कोरकूत वाचतील, सगळाच्या सगळा. मराठीत तो नंतर वाचला जाईल. तोपर्यंत ज्यांना कळणार नाही त्यांनी उठून चहाला जाऊ नये, दारं बंद करायला मी सांगितलंय. बाई, या, माईक घ्या.