गंजलेल्या यंत्राची ओळख

ज्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें अध्यापन केलें, तिच्या आवारांत एक जुनें तेलाचें इंजिन पडलेलें होतें. एके काळीं तें एखाद्या मचव्यावर चालत असावें, असें गांवांतील वृद्ध मंडळी सांगत. एका सुट्टींत मुलांना हाताशीं घेऊन मीं तें स्वच्छ करण्याचें ठरविलें. आम्हीं घासकागदानें गंज खरवडला, न सुटणाऱ्या नटांवर हातोडा चालविला आणि शेवटीं वर हिरवा रंग दिला. इंजिन चकचकीत झालें. परंतु कारखान्याचें नांव, अनुक्रमांक, घडणीचें साल, जें कांहीं पुसटसें उरलें होतें, तें सर्व आम्हीं गंजाबरोबर घासून टाकलें. ही चूक सर्वस्वीं माझी. म्हणूनच जुन्या जहाजी यंत्राची ओळख कशी पटवावी आणि मग त्याचा उद्धार कसा करावा, याचें एक उत्तम उदाहरण मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

हें उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियांतील आहे. ‘झँथो’ नांवाची लोखंडी आगबोट स्कॉटलंडांत डंबार्टन येथें १८४८ सालीं बांधली गेली. त्या वेळीं ती बाजूच्या चाकांनीं पाणी कापीत जाई. पुढें १८७१ सालीं एका भंगाराच्या व्यापाऱ्यानें तिचें यंत्र काढून त्या जागीं दुसरें, तेंहि वापरलेलेंच, पण मळसूत्री पंखा फिरविणारें यंत्र बसविलें. चार्ल्स ब्रॉडहर्स्ट या उद्योजकानें ती मोत्यांच्या व मालवाहतुकीच्या धंद्यासाठीं विकत घेतली. एका वर्षाच्या आंतच, नोव्हेंबर १८७२ मध्यें, शिशाच्या खनिजाचा भार वाहत असतां ती गळूं लागली आणि पर्थच्या उत्तरेस सुमारें ५०० किलोमीटरांवर पोर्ट ग्रेगरी येथें उथळ पाण्यांत बुडाली.

१९७९ सालीं हौशी पाणबुड्यांना तिचे अवशेष सांपडले. पुढें संशोधक मायकेल मॅकार्थी व त्यांचे सहकारी यांनीं तेथें उत्खनन केलें. यंत्रावर वाळू, शिंपले आणि गंज यांचा दगडासारखा थर बसला होता. पण आकार झांकला गेला नव्हता. तो पाहून तज्ज्ञ चकित झाले. असलें यंत्र व्यापारी बोटींत असण्याचें कारण नव्हतें. तें होतें युद्धनौकेचें.

ही ओळख कशावरून पटली? नेहमींच्या वाफेच्या यंत्रांत दट्ट्याला एक दांडा आणि त्या दांड्याला पुढें जोडभुजा असते. यामुळें यंत्राची लांबी वाढते. या यंत्रांत दट्ट्याच्या मधोमध एक पोकळ नळकांडें असून जोडभुजा त्याच्या पोटांत शिरून थेट दट्ट्यास जोडलेली असते. त्यामुळें यंत्र आखूड होऊन बोटीच्या तळाशीं, पाण्याच्या पातळीखालीं, आडवें बसतें व शत्रूच्या तोफगोळ्यांपासून सुरक्षित राहतें. ग्रिनिच येथील जॉन पेन यांचा कारखाना अशा यंत्रांविषयीं प्रसिद्ध होता. क्रिमियाच्या युद्धांत (१८५३–५६) तोफनौकांसाठीं अशीं यंत्रें एकाच नमुन्यावरून मोठ्या संख्येनें तयार करण्यांत आलीं. हें शक्य झालें, कारण जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं मळसूत्राच्या आट्यांचें प्रमाण ठरवून दिलें होतें. ‘झँथो’च्या यंत्रावरचा थर निघाल्यावर त्याच्या बोल्टांवर तेच प्रमाणित आटे आढळले. मीं हातोड्यानें ज्या नटांचे आटे बिघडविले, तेहि असेंच कांहीं बोलले असते, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

ओळख पटली; आतां प्रश्न होता बाहेर काढण्याचा. समुद्राच्या पाण्यांत बिडाच्या वस्तूंतील लोखंड हळूहळू झिरपून जातें आणि आकार तसाच राहून मागें मऊ, काळा, कार्बनचा सांगाडा उरतो. त्यांत क्षार मुरलेले असतात. अशी वस्तु एकदम हवेंत आणून वाळविली, तर ती तडकते व तिचे पापुद्रे सुटूं लागतात. म्हणजे जिनें शतकभर समुद्र सोसला, ती आपल्या उतावळेपणानें थोड्या काळांत नष्ट व्हावयाची! म्हणून यंत्र तळाशींच असतांना त्यास, लोखंडाच्या आधीं स्वतः झिजणाऱ्या धातूचे तुकडे जोडण्यांत आले. मग १९८५ सालीं तें वर काढलें आणि फ्रीमँटल येथील संग्रहालयाच्या प्रयोगशाळेंत अल्कलीच्या द्रावणांत बुडवून त्यांतून विजेचा मंद प्रवाह सोडला. क्षार बाहेर येण्यास वर्षें लागलीं. त्यानंतर एकेक भाग अलग करून, शुद्ध करून, पुन्हां जुळविण्यांत आला. आज तें यंत्र हातानें फिरवितां येतें. त्या जातीचें जगांत उरलेलें ज्ञात असें हें एकच यंत्र होय.

या ओळखीनें आणखी एक गोष्ट उघड केली. वाफ पुन्हां पाण्यांत उतरविणारें पात्र या यंत्रास नव्हतें. एकदां वापरलेली वाफ बाहेर जाई. थोड्या वेळाच्या लढाऊ धांवेस हें चालून जाई. पण जेथें गोडें पाणी दुर्मिळ, कोळसा दूरवरून आणावयाचा आणि दुरुस्तीस कारागीर नाहीं, अशा किनाऱ्यावर तें परवडणारें नव्हतें. ब्रॉडहर्स्ट यांच्या धाडसी पण घाईच्या स्वभावाची साक्ष कागदपत्रांइतकीच त्या लोखंडांतहि सांपडते.

तेव्हां आपल्या घरीं एखादें जुनें घड्याळ, शिवणयंत्र किंवा पंप असेल, तर हत्यार हातीं घेण्यापूर्वीं वही हातीं घ्यावी. छायाचित्र काढावें, अक्षरें व अंक उतरून घ्यावे, आट्यांचें माप घ्यावें. न सुटणाऱ्या सांध्यास तेल घालून कांहीं दिवस वाट पाहावी. आणि रंग तर सर्वांत शेवटीं.

तें हिरवें इंजिन अद्यापि शाळेच्या आवारांत आहे. मागें एकदां तिकडे गेलों असतां एका लहान मुलानें मला विचारलें, “गुरुजी, हें कोणीं बनविलें?” मला उत्तर देतां आलें नाहीं.