कच्च्या विटांचं देऊळ

मंडळी, पेरूला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न माचू पिच्चूचा. ते पाहिलंच, पण आज आम्ही दोघं सांगणार आहोत ते त्रुहियो शहराजवळच्या वाका दे ला लूनाविषयी, म्हणजे चंद्राच्या देवळाविषयी. इंकांच्या कितीतरी शतकं आधी मोचे लोकांनी ते उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांनी बांधलं.

तिथे गाइडशिवाय सोडत नाहीत. आधी आम्ही कुरकुरलो, खोटं कशाला बोला! पण गाइडबाईंनी विटांवरच्या खुणा दाखवल्या. कुठे ठिपके, कुठे रेघा. विटा पाडणाऱ्या प्रत्येक गटाची आपली खूण, असं अभ्यासक मानतात. एकटे गेलो असतो तर नुसती भिंत पाहून परतलो असतो.

जुनं देऊळ पाडायचं नाही, विटांनी बुजवून त्यावर नवं चढवायचं, ही त्यांची रीत. म्हणून आतल्या चित्रांचे लाल-पिवळे रंग आजही ताजे दिसतात. समोरच्या सूर्याच्या देवळाचा मोठा भाग मात्र स्पॅनिशांनी सोन्यापायी नदी वळवून धुऊन टाकला.

आता भीती एल निन्योच्या पावसाची. आम्ही गेलो तेव्हा आभाळ कोरडं होतं. तरी छपराखालून चालताना बाई दोनदा वर बघून घेत होत्या.