‘आम्ही आहोत ना!’
(उज्जैन येथे शारदीय व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, व्यासपीठासमोर खडूने काढलेलं वर्तुळ दिसतंय ना? त्याचा व्यास ५ फूट आहे. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळवायला एवढी जागा लागते. जाता-येता ते पुसणार नाही एवढं बघा, शेवटी मला त्याचं काम आहे.

मी घरं बांधते. पण आजचा विषय मला कॉलेजात मिळाला नाही, कार्तिक चौकातल्या आमच्या जुन्या घरात मिळाला. माझी आत्या गच्चीच्या जिन्यावरून पडली, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. माणसांनी भरलेलं घर. बाबा, काका, चुलतभाऊ. पायरी आली की दोघं पुढून, एक मागून, खुर्चीसकट आत्या वर. कोणी कधी कुरकुर केली नाही. घरात काही बदल करू या, असं कोणी म्हटलं की एकच उत्तर यायचं, ‘कशाला? आम्ही आहोत ना!’

आत्या दुपारी ४ नंतर पाणी पीत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. रात्री कोणाला उठवावं लागू नये म्हणून. उन्हाळ्यातही. मग लघवीचा संसर्ग, ताप, औषधं, पुन्हा संसर्ग. कण्याच्या दुखापतीत मूत्राशय आणि मूत्रपिंडं जपणं किती महत्त्वाचं असतं, हे डॉक्टर सांगत होते आणि आमच्या घरचा न्हाणीचा दरवाजा त्यांचं म्हणणं रोज हाणून पाडत होता. खुर्ची २५ इंच रुंद, दार २६ इंच. बोटांची सालटी निघायची. आत गेलं तरी वळायला जागा नाही, मोरीचा कट्टा आडवा. आमच्या सेवेत खोट नव्हती. पण उचलणारे हात होते म्हणूनच तो कट्टा तसाच राहिला, हे मला आज अगदी स्पष्ट दिसतं.

आपली घरं अशी का, हे उज्जैनकरांना सांगायला नको. राणोजी शिंद्यांच्या काळापासून मराठी कुटुंबं इथे आली, १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी बरीच इथेच राहिली. येताना वाडा डोक्यात घेऊन आली: ओटा, चौक, पडवी, माजघर, परसात न्हाणी. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. क्षिप्रा कधी काठ सोडेल याचा नेम नाही. म्हणून जोतं उंच. त्यावर उंबरठा, त्याच्या आत पुन्हा एक पायरी. यातली एकही गोष्ट अडाणीपणाची नाही. फक्त हे घर योजताना घरातलं प्रत्येक माणूस जन्मभर चालेल, असं धरलं होतं.

पहिला उतार आम्ही चुकीचा बांधला. जोतं १८ इंच, म्हणून गवंड्याने ६ फुटांचा सिमेंटचा उतार घातला. आत्या एकटी चढायला गेली आणि खुर्ची मागे कलंडली. बाबा मागे होते म्हणून डोकं वाचलं. साधा हिशेब आहे: १ इंच चढायचं तर किमान १२ इंच लांबी. १८ इंचांना १८ फूट. जोतं अडीच फुटांहून उंच असेल तर मध्ये विसाव्याला सपाट जागा हवी. आता गल्लीत १८ फूट आणायचे कुठून? मी नकाशात मागचं दार सुचवलं, परसातून. आत्या म्हणाली, ‘मागच्या दाराने मोलकरणीसुद्धा येत नाहीत आपल्याकडे. मी का?’

उत्तर समोरच होतं. आपण ज्याला इथे ओटला म्हणतो तो आमच्या घरासमोर २४ फूट लांब आणि ४ फूट रुंद होता, दार अगदी एका टोकाला, देवडीत. तो ओटलाच आम्ही उतरता केला. १८ फूट उतार, दारासमोर ६ फूट सपाट, गल्लीच्या बाजूला कठडा आणि खाली चाक घसरू नये म्हणून चार इंचांची कड. वर कोटा फरशी, पण पॉलिश केलेली नाही, खरखरीत. पॉलिशची कोटा फरशी ओली झाली की चाकाला आणि म्हाताऱ्या पायाला सारखीच दगा देते.

उंबरठ्यावर आजी अडून बसली. उंबरठा काढायचा? लक्ष्मी येणार कुठून? सुनांनी माप ओलांडलेलं तेच ते सागवान. आम्ही ते काढलं आणि फरशीच्या पातळीत तिथेच बसवलं. दारात लाकूड आहे, चाकाला अडथळा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर हळदकुंकू वाहिलं ते आत्याने, खुर्चीतून वाकून.

न्हाणीघराबद्दल मात्र जरा वेळ घेते, कारण घर सगळं तिथे ठरतं. कोठीची खोली मोडून आम्ही ते केलं. दार ३ फुटांचं, सरकतं. आत उघडणारं दार नकोच. माणूस आत पडला तर तोच दाराला अडतो आणि बाहेरचे नुसत्या हाका मारत राहतात. कमोडची बैठक खुर्चीच्या बैठकीइतकी, १८ ते १९ इंच. एका बाजूला भिंत आणि आडवा दांडा, दुसऱ्या बाजूला ३ फूट मोकळी जागा, खुर्ची शेजारी लावून सरकण्यासाठी. तो दांडा जुन्या मातीच्या भिंतीत नुसत्या स्क्रूने बसवू नका. भर पडला की भिंतीसकट हातात येतो. आम्ही भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी दिली. बेसिनखाली कपाट नाही, गुडघे आत जायला हवेत. आणि गरम पाण्याची नळी झाकलेली. पायाला संवेदना नसली की चटका लागलेला कळत नाही, कळतो तो फोड आल्यावर.

स्वयंपाकाचा ओटा साधारण अडीच फुटांवर आणि खालून मोकळा, दिव्यांची बटणं ३ ते ४ फुटांच्या दरम्यान, एवढं सांगून पुढे जाते.

असं घर म्हणजे दवाखाना दिसणार, ही भीती मला नेहमी ऐकू येते. अमेरिकेत रॉकफर्डला फ्रँक लॉइड राइट यांनी केनेथ लॉरेंट या अपंग माजी सैनिकासाठी घर बांधलं, ते १९५२ मध्ये पूर्ण झालं. एकच मजला, रुंद दारं, बागेकडे वळत गेलेली काचेची भिंत. तिथली आसनं मुद्दाम बुटकी, म्हणजे पाहुणा बसला की त्याची आणि यजमानाची नजर एका पातळीत. आज ते संग्रहालय आहे आणि लोक ते सुंदर घर म्हणून बघायला जातात. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ अनेकांनी वाचलं असेल. ऐन तरुणपणी पाय गेलेल्या या बाईंनी १९८४ साली संस्था उभी केली, मुलांसाठी वसतिगृह बांधलं. खुर्चीतल्या माणसाने काढलेली मापं आणि खुर्चीतल्या माणसासाठी काढलेली मापं यांत फरक असतो. माझ्या नकाशावर शेवटची पेन्सिल आत्याची होती. आरसा तिने सहा इंच खाली घेतला. मी तो माझ्या नजरेने लावला होता.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक इमारतींना जाब विचारतो. २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत सगळी मापं छापलेली आहेत. आपल्या राहत्या घराला मात्र असं कोणी विचारायला येत नाही. २०२८ च्या सिंहस्थापूर्वी गावात जुनी घरं पाडून नवी होताहेत. तीन फुटांचं दार पहिल्यापासून ठेवायला फारसा खर्च येत नाही, नंतर भिंत फोडायला येतो. जोतं भरण्याआधी या, नकाशा घेऊन या. मी पैसे घेणार नाही.

न्हाणीघर पूर्ण झालं त्या रात्री आत्याने झोपताना उशाशी तांब्या मागितला. बाबा सवयीने म्हणाले, ‘रात्री लागलं तर हाक मार हं, आहोत आम्ही.’ ती म्हणाली, ‘झोप तू.’

आता ती कोपऱ्यातली खुर्ची या वर्तुळात आणते. एकेकाने बसा, चाकं स्वतःच्या हातांनी फिरवा आणि मग सभागृहाच्या त्या दारापर्यंत जाऊन या. तिथे तीन पायऱ्या आहेत.