शाळेच्या वेळेची पोटदुखी

(पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



बालकांच्या पोटदुखीविषयी आयुर्वेद काय सांगतो, हा विषय खरे म्हणजे एखाद्या वैद्यांकडे जावयास हवा होता. मी कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. परंतु संयोजकांना माझ्या घरची एक हकिकत ठाऊक होती आणि तीच सांगावी असा त्यांचा आग्रह पडला.

2006 साली माझी कन्या आठ वर्षांची होती. तिचे पोट दुखे. तीन महिने, जवळजवळ रोज, शाळेची रिक्षा येण्याच्या सुमारास. माझ्या मातोश्रींनी बेंबीभोवती हिंगाचा लेप दिला, ओवा चावावयास दिला, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून झाली. जंतांचे औषध झाले. डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफीत दोष दिसला नाही. मग ‘शाळा टाळण्याचे नाटक’ असा निष्कर्ष मी काढला आणि एकदा तिच्यावर हात उगारला. हे आज आपल्यासमोर सांगतानाही मान खाली जाते.

अखेर आळीतील एका वृद्ध वैद्यांकडे गेलो. ते पुड्या बांधून देतील अशी माझी अपेक्षा. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट चाचपले आणि मला बाजूला ठेवून मुलीलाच विचारले, ‘‘बाळ, शी रोज होते का?’’

‘‘चार दिवसांनी.’’

‘‘आणि शाळेत लागली तर?’’

ती गप्प. बऱ्याच वेळाने कळले, ते असे. शाळेतील स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हते. म्हणून ती वेग आवरून धरी. जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीही पीत नसे. कोंडलेला मळ खडा होई, मग घरी शौचाच्या वेळी वेदना होत, आणि त्या वेदनेच्या भयाने ती घरीही आवरून धरू लागली होती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात यावर स्वतंत्र अध्यायच आहे. जे आवरू नयेत असे तेरा वेग तेथे सांगितले आहेत. मलाचा वेग अडविला तर पक्वाशयात शूल, डोकेदुखी, पोट फुगणे, पोटऱ्यांत गोळे येणे ही लक्षणे होतात. (त्या तेरांत अश्रूही आहेत. माझ्या मुलीने तेही माझ्यापुढे आवरलेच असणार.) हिंगाने वायू सरतो हे खरे, पण पुढची वाटच बंद असेल तर बिचारा हिंग काय करणार?

उपचार अगदी साधे होते. पहाटे कोमट पाणी. रात्री कोमट दुधात चमचाभर तूप. भिजविलेल्या काळ्या मनुका. मैद्याची बिस्किटे बंद. पोटावर कोमट तिळतेलाचे हलके मर्दन. आणि जेवणानंतर दहा मिनिटे, घाई न करता, न रागावता, शौचास बसविणे. कारण अन्न पोटात गेले की आतड्याची हालचाल वाढते. आजचे बालरोगतज्ज्ञही हेच बसविणे सांगतात. एवढ्याने भागले नाही तर ते मळ मऊ करणारे औषध काही महिने देतात. ते घेण्यात कमीपणा मानू नये.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. आमच्या पिढीत पोट दुखले की एरंडेल पाजीत. बेंबीपाशी सुरू झालेली वेदना उजवीकडे खाली सरकली, जोडीला ताप वा उलटी असली, तर ते अपेंडिक्स असू शकते. अशा वेळी रेचक देणे जिवावर बेतू शकते. हिरवी उलटी, शौचात रक्त, पोट कडक होणे, झोपेतून उठविणारी कळ, घटते वजन यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. शल्यतंत्र हेही आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीच एक आहे. कुणाच्या सांगण्यावरून भस्मे देऊ नयेत आणि वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

निघताना वैद्यबुवा मला म्हणाले, ‘‘एक औषध तुमच्यासाठीही आहे. शाळेत जाऊन या.’’ मंत्र्यांना प्रश्न विचारण्यात माझी हयात गेली. परंतु माझे मूल रोज सहा तास जेथे काढते, तेथील एक दार मी कधी उघडून पाहिले नव्हते. ते पाहिले. दहाव्या दिवशी कडी बसली, पाण्याला आणखी महिना लागला. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे शाळांना बंधनकारक केली. तेथे कडी आणि पाणी आहे की नाही, हे मात्र कुणीतरी जाऊनच पाहावे लागते.

मुलीची वेदना पूर्ण थांबावयास दोन महिने लागले. ताणलेले आतडे हळूहळूच सावरते, हे वैद्यबुवांनी आधीच बजावले होते. येत्या पालकसभेला आपण जालच. प्रगतिपुस्तकावर स्वाक्षरी झाली की परतण्यापूर्वी तेवढे दार पाहून या. आणि घरी आल्यावर मुलाला वैद्यबुवांचा तो पहिला प्रश्न विचारा.